उजव्या डोळ्यातलं फूल

नाही नाही, इन्क्युबेटर तसा उचलू नका, बाई — दार सैल आहे त्याचं, खालून हात घाला. हं, असं. आणि हे काय म्हणताय? अहो, ओळखलं नाहीत? मिक्सर! भांडं काढून टाकलं आणि आमच्या फोटोवाल्यानं वर नळ्या बसवायची चकती लावून दिली. बोंबलतो फार, पण फिरतो झकास. सगळं घेऊन जा. तुमच्या शाळेतल्या मुली तरी हात काळे करतील. मला नको आता — बंद केला क्लब. का म्हणजे? झाला बंद. चार रिकामटेकडी माणसं एकत्र येऊन जे काही करतात ते कधीतरी संपतंच की. मी, फोटोवाला, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि एक भूगोलाच्या मॅडम. बस. ह्याच मागच्या खोलीत.

मी सव्वीस वर्षं कॉलेजात लॅब असिस्टंट होते — म्हणजे साहेबांच्या नळ्या धुवायच्या, साहेबांचे जंतू सांभाळायचे, आणि छापून आलं की नाव साहेबांचं. जंतू मात्र मला ओळखायचे हो! म्हणून रिटायर झाल्यावर म्हटलं, आता माझ्या खोलीत माझे जंतू. जेलीफिशचं ते चमकणारं प्रोटीन — तुम्ही शिकवतच असाल — त्याचा आराखडा साध्या, निरुपद्रवी जंतूंच्या पोटात घालायचा आणि त्यांच्याकडून ते बनवून घ्यायचं. पाच वेळा फसलं. सहाव्या वेळी निळा दिवा लावला, तर अख्खी प्लेट हिरवीगार! फोटोवाला रडला. जन्मभर डार्करूममध्ये उजेडाशीच झटापट केलेला माणूस, म्हणाला, उजेड असा पेरता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि स्टुलावर माझा दादा. तो असायचाच रोज. घड्याळं दुरुस्त करायचा — नखाएवढे स्क्रू लीलया बसवायचा, त्याला हे डोळ्यांचं दुखणं लागलं. आधी अंधारात दिसेना, मग कडेचं दिसेना, मग नळीतून बघावं तसं. शेवटी उजव्या डोळ्याला खिडकी कुठंय आणि भिंत कुठंय एवढंच कळायचं, डाव्याला तेही नाही. तर त्या दिवशी म्हणाला, ‘छोटे, हिरवं म्हणजे कसलं हिरवं? पोपटी की बाटलीसारखं?’ मी म्हटलं, पोपटी. म्हणाला, ‘छान.’

तिथं थांबायला हवं होतं. पण पुढल्या वर्षी शेवाळाचं प्रोटीन करायला घेतलं. शेवाळाला डोळे नाहीत, तरी ते उजेडाकडे वळतं — त्या प्रोटीनच्या जोरावर. आणि डॉक्टर लोक काय करताहेत, तर त्याच प्रोटीनचा आराखडा डोळ्याच्या मेलेल्या पडद्यात उरलेल्या जिवंत पेशींमध्ये पोचवताहेत, म्हणजे त्या पेशींना उजेड कळायला लागेल. हे मीच वाचून दाखवलं सगळ्यांना, मोठ्या ऐटीत. दादानं एकच विचारलं, ‘म्हणजे जे तुझ्या फ्रिजमध्ये आहे तेच?’ मी म्हटलं, तेच, पण तसं नाही रे. नुसतं प्रोटीन घालून काही होत नाही, आराखडा पेशीत शिरावा लागतो, त्याला विषाणूची गाडी लागते, मोठं हॉस्पिटल लागतं. तर रोज तेच. जेवताना तेच, दाढी करताना तेच. ‘एक थेंब, छोटे. काय जातंय?’

मग? मग एक दिवस वहिनी बाजारात गेली असताना त्यानं चाचपत फ्रिज उघडला, बाटली काढली आणि स्वतःच डोळ्यात घातलं. असं झालं. सगळ्यांना माहीत आहे ते, औषधवाल्यानं तर तेव्हाच क्लब सोडला. नाही, लगेच काही नाही झालं. डोळा लाल झाला तो तिसऱ्या दिवशी, मग पू, मग ताप. थेंब पडला तेव्हा तर हसला तो, म्हणाला, किती गार हात आहे गं तुझा —

काय बघताय?

हो. माझा हात. मीच त्याची मान मागे केली, मीच पापणी ओढून धरली. ऐका आता, अर्धं कळलंय तर पुरतंच ऐका. मी मीठपाणी उकळून ठेवलं होतं, शपथेवर सांगते. म्हटलं, दोन थेंब घालू, त्याचं समाधान होईल, विषय संपेल. दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. आणि मी उचलली दुसरी. चुकून? चुकून म्हणायची सोयच नाही हो — लेबलं माझ्याच अक्षरातली. शंभरातले नव्व्याण्णव हिस्से मला ठाऊक होतं की काही होणार नाही. उरलेल्या एका हिश्शात मात्र मी पेपरात फोटो पाहत होते. दादाचा नाही — माझा! सव्वीस वर्षं नळ्या धुतलेल्या बाईचा! आणि जंतूंमधून काढलेलं ते पाणी, घरच्या गाळणीतून गाळलेलं — कॉलेजात कुणी असलं काही डोळ्याजवळ नेलं असतं, तर मी त्याच्या हातावर फटका मारला असता.

डोळा बरा झाला, पण बुबुळावर फूल पडलं. पांढरं. खिडकीही गेली त्यात.

आणि सात महिन्यांनी हॉस्पिटलचं पत्र. त्यांची चाचणी सुरू झाली होती, नेमकी ह्याच प्रोटीनची, आणि नाव नोंदवलं होतं मीच, दोन वर्षांपूर्वी. दादानं नवा शर्ट घातला. डॉक्टरीणबाई तरुण होती, बॅटरी मारली आणि म्हणाली, ‘हे फूल कशानं?’ दादा म्हणाला, ‘माझा मूर्खपणा. बहिणीच्या फ्रिजमधलं काढून मीच घातलं, तिला पत्ताही नव्हता.’ पाठ केल्यासारखं! तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, असलं काही आधी घातलं असेल तर दोन्ही डोळे बाद, नियम आहे. मी आरडाओरडा केला तिच्यावर, नियमाच्या नावानं. खरं मात्र नाही बोलले. रिक्षातही नाही, घरी आल्यावरही नाही. वहिनी अजून वाढताना बोलते त्याला — ‘आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलात.’ तो मान खाली घालून जेवतो. आणि मी? मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवते.

मागच्या महिन्यात त्या चाचणीतलाच एक जण आला होता भेटायला, बस कंडक्टर होता पूर्वी. त्याला आता खास चष्मा लावून रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसतात. दादानं तासभर पिच्छा पुरवला त्याचा — पट्टे हलतात का, कडा दिसते का, माणूस मध्ये आला तर कळतं का — आणि लहान पोरासारखा हसत होता हो! तो गेल्यावर मला म्हणाला, ‘छोटे, तू म्हणालीस तसंच आहे बघ. होतं त्यानं. खरं होतं तुझं.’ त्यापेक्षा दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर —

नको, माझ्या खांद्यावर हात नका ठेवू. आणि त्याला सांगून टाका वगैरे मला शिकवू नका, त्याला काय सांगायचंय? त्याला सगळं ठाऊक आहे. सांगायचंय ते वहिनीला, आणि ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, दहा पावलांवर. रोज असते.

उचला ते खोकं. निघा तुम्ही. जिन्यात दिवा नाही, जपून उतरा.