शमुवेलचं ‘येतो’

मानवतच्या स्टँडवर पेडगावची बस काही येईना, म्हणून तात्यारावांनी पुढच्या बाकावरच्या चतुराबाई आणि सालोमीबाईंच्या बोलण्याला कान लावले.

“सालोमीबाई, तुमचा शमुवेल मिशनरी होऊन बायकापोरांसंगं आफ्रिकेत गेला. नाताळाला तरी येतो का?”

“तेच कळंना, चतुराबाई. तिथंबी त्यानं घोळ घातलाय. एका घरी प्रार्थना करून निघताना त्यांच्या भाषेत म्हणला, ‘येतो.’”

“मंग? ‘जातो’ कसं म्हणावं? लय अभद्र!”

“त्यांनी खरं धरलं. कोंबडी कापून दिवस बुडेस्तोवर वाट बघत बसले बिचारे.”

“आगं बया! मंग?”

“दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.”

“अन् निघताना?”

“सवयीनं पुन्हा ‘येतो’च!”

“धन्य हाय तुमचं लेकरू! बरं, नाताळाचं काय म्हणला?”

“‘येतो’ म्हणला की.”

“मंग झालं तर!”

“पण फोन ठेवताना म्हणला.”