बूट डॉक्टरबाईंच्या हाती

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या डॉक्टर मेहरअंगीज दरयाबारी आणि जूयबारच्या तालमीतील लहानथोर कुस्तीगीरहो,

मला गौरवपर बोलण्यासाठी उभे केले आहे. मी न्यायासनावर आयुष्य काढले. गौरवही मला पुराव्यानेच करता येतो. तो पुरावा तिसऱ्या रांगेत बसला आहे: माझा नातू सियामक.

वसंतात त्याची कंबर दुखू लागली. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. उस्ताद इस्फंदियार, त्याचे प्रशिक्षक म्हणून आपण म्हणालात, "फोटो स्वच्छ आहे, बाई. जूयबारच्या पोरांच्या कमरा काही फुलांच्या नसतात."

बाई म्हणाल्या, "फुलांच्या असत्या तर कोमेजलेल्या तरी दिसल्या असत्या."

आपणही हसलात, हे मी नमूद करतो.

मग बाईंनी सियामकला एका पायावर उभे करून मागे वाकायला लावले.

"दुखतं?"

"सवय आहे."

"सवय नाही विचारली मी."

एमआरआयमध्ये कारण सापडले. पुन्हापुन्हा मागे वाकण्याच्या ताणाने कमरेच्या शेवटच्या मणक्याला बारीक तडा जाऊ लागला होता. उपचार? तीन महिने कुस्ती बंद. मग पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करायचे. मॅटवर परतणे सर्वांत शेवटी, तेही हळूहळू.

दुखणे महिन्याभरातच थांबले आणि घात झाला. तीन महिने अजून पुरे झालेले नाहीत, आणि परवा तेहरानला निवड चाचणी आहे; त्याला तिथे लढायचे आहे. सियामक म्हणतो, "आगाजान, दुखतच नाही, तर आजार कुठाय?" हे अनुमान सदोष आहे. वेदना आधी थांबते, हाड मागाहून जुळते. मधल्या काळात लढणाऱ्याचा तडा आरपार जाऊ शकतो.

आणि आपणा तालमीतल्या सर्वांची माया? मल्लाला मागून मिठी घालून उचलायचे, कमरेचा कडकडाट ऐकायचा, "सुटली बघ गाठ" म्हणायचे. आज याच दाराशी मित्रांनी शुभेच्छा म्हणून त्याला तसे उचलले. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्यात. मी त्याचा चेहरा पाहत होतो. तो भिंत धरून आत आला. कोणी विचारले त्याला?

घरातले माझे सगळे युक्तिवाद संपले आहेत. त्याच्या आईचे रडूनही झाले. विनवणी करण्याची मला सवय नाही. आज करतो आहे. आपल्याकडे कुस्ती सोडणारा मल्ल बूट मॅटच्या मधोमध ठेवून निघून जातो. हा एकोणीस वर्षांचा आहे. त्याचे बूट मला तिथे पाहायचे नाहीत.

बाईंसाठी निरोपाची भेट म्हणून आणलेला चहाचा समोवर जरूर द्यावा. पण सियामक, तुझ्या पायाशी पिशवीत बूट आहेत. ते घेऊन वर ये आणि बाईंच्या हाती दे. हाड जुळल्याचा निर्वाळा त्या देतील, त्या दिवशी त्यांच्याकडूनच परत माग.

उस्ताद, तो माझ्याकडे पाहत नाही, आपल्याकडे पाहतो आहे. आपण मान हलवलीत तरच तो उठेल.

सभेने शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी न शोभणारे काही बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घालावे. माझे बोलणे संपले. तो उठेपर्यंत मी मात्र खाली बसणार नाही.