नकार द्यायला आलेले बाबा

मंडळी, नमस्कार. बसून घ्या, मागे खुर्च्या आहेत अजून. आपल्या सोसायटीच्या या हॉलमध्ये एवढी माणसं एरवी गणपतीतच दिसतात. आज तुम्ही बाबांसाठी आलात. मला बोलायला उभं केलंय. पण माझ्या बायकोने, शुभदाने, बजावून पाठवलंय की रडगाणं नको. बाबा ब्याऐंशी वर्षं मजेत जगले. मंगळवारी दुपारी जेवले, आडवे झाले आणि गेले. तेव्हा हसू आलं तर हसा.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी विल्सन लोपीस, इथल्याच पापडीचा. दत्ताराम केळुसकरांचा जावई. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात केली, रिटायर झाले आणि इथे वसईत राहायला आले. आता मालवणकडच्या केळुसकरांची मुलगी आणि पापडीच्या लोपीसांचा मुलगा, हे जमलं कसं? सहज जमलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी शुभदाने घरी माझं नाव सांगितलं. मला ती म्हणाली, "बाबा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही. त्यांना दुखवून मला काही नको." आणि पुढच्याच रविवारी बाबा आमच्या दारात. एकटे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नकार द्यायला आले होते. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

माझे वडील त्या वेळी वाडीत पानवेलींना पाणी लावत होते. आमच्याकडे विहिरीवरचा पंप चालू करण्याआधी त्यात दोन बादल्या पाणी ओतायची पद्धत होती. पद्धतच. माझी आई ओतायची, वरून क्रुसाची खूण करायची, मग वडील बटण दाबायचे. बाबा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात हे सगळं त्यांनी पाहिलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"पाणी भरतो. त्याशिवाय पंप उचलत नाही."

"किती वर्षं?"

"सात-आठ झाली असतील."

"आणि खालचा फूट व्हॉल्व्ह कुणी काढून बघितला नाही? तो गळतोय, म्हणून पाईप रिकामा होतो."

माझे वडील म्हणाले, "पाणी येतंय ना."

मंडळी, बाबांचा इतका अपमान आयुष्यात कुणी केला नसेल. इस्त्रीचा शर्ट काढून त्यांनी पेरूच्या फांदीला अडकवला. बनियनवर दुपारपर्यंत विहिरीशी. पाईप वर ओढायला मी, पाना-पक्कड द्यायला वडील. मला एकच वाक्य बोलले, "घट्ट धर." मी इतका घट्ट धरला की हाताला फोड आला.

मग जेवण. आई बिचारी घाबरलेली, यांना आमचं चालेल का. बाबांनी बांगड्याचं कालवण दोनदा घेतलं आणि म्हणाले, "बाई, यात तिरफळ का नाही?" पुढच्या रविवारी नवा व्हॉल्व्ह आणि पुडीत तिरफळ घेऊन आले. त्याच्या पुढच्या रविवारी शुभदाच्या आईंना घेऊन आले. आणि इकडे माझा जीव टांगणीला, कारण नकार आला नव्हता तसा होकारही नव्हता.

चौथ्या रविवारी वडिलांनीच विषय काढला. "तुम्ही पहिल्या दिवशी काहीतरी बोलायला आला होतात."

"हो," बाबा म्हणाले. "नाही म्हणायला आलो होतो. राहून गेलं."

एवढंच. आई आत जाऊन रडली. लग्न दोन्ही पद्धतींनी झालं. चर्चमध्ये बाबा पहिल्या बाकावर बसले आणि सगळा वेळ छपराच्या तुळया बघत होते. शेवटी फादरांना म्हणाले, "काम उत्तम आहे." फादरांना वाटलं, प्रवचनाबद्दल बोलतायत.

घरात किती गोष्टी करून ठेवल्यात त्यांनी. शुभदाच्या आईंचे गुडघे दुखतात म्हणून ओटा खुर्चीत बसून स्वयंपाक करता येईल इतका खाली घेतला. नातवंडांच्या प्रत्येक खेळण्याचं पोट एकदा तरी उघडलंय. पण मला मंगळवारचं सांगायचंय.

मंगळवारी संध्याकाळी न्यायची तयारी झाली. मी मागे उभा होतो. तुमच्यात जावई खांदा देत नाही, मला ठाऊक आहे. त्यात मी ख्रिश्चन. मी मनाची तयारी केली होती. पण माझा मेहुणा सुहास कपाटातून बाबांच्या अक्षरातला कागद घेऊन आला आणि बाबांच्या भावाला, काकांना वाचून दाखवला. "पुढे डावीकडे सुहास, उजवीकडे विल्सन. दोघांची उंची सारखी आहे. तिरडी समतल राहील."

काका म्हणाले, "दत्तूने लिहिलंय, मग विषय संपला."

सुहास, जरा इकडे येतोस? माझ्या शेजारी उभा राहा. बघा, मंडळी. चार बोटं उंच आहे तो माझ्यापेक्षा.

भिंतीवरचा फोटो सूतभर कलला तर ज्यांना जेवण जायचं नाही, त्यांना हे चौदा वर्षांत दिसलं नसेल? बाबांनी आयुष्यात एकच माप चुकीचं लिहिलं. ते माझ्यासाठी लिहिलं.

मी स्मशानापर्यंत टाचा उचलून चाललो. पोटऱ्या अजून दुखतायत.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. सुहास, तू जाऊ नकोस. इथेच थांब, माझ्या शेजारी.