खालच्या कप्प्यातली मेणबत्ती

हॅलो?… कोण?… जरा मोठ्याने बोल गं, इकडे गॅसवर वांगी भाजतेय, नुसती तडतडतायत… कोण, रुक्सांद्रा?… कुठली रुक्सांद्रा?

अगं बाई. पेपरात गोष्ट लिहितेस ती तूच का?… बुखारेस्टहून बोलतेस?… थांब, थांब, गॅस बंद करते. ठेवू नकोस हं.

…हं. आहेस ना?… हो, मीच केला होता काल कचेरीत फोन. ती मुलगी म्हणाली, तक्रार आहे का आजी? म्हटलं, तक्रार नाही, लिहिणारणीशी बोलायचंय. म्हणाली, सगळे असंच म्हणतात आणि मग तक्रारच करतात… प्रोफिरा. नुसतं प्रोफिरा काय म्हणतेस, मावशी म्हण. आमच्या ब्राइलात सगळे मावशीच म्हणतात मला.

वाचते का म्हणजे? दर गुरुवारी… म्हणजे वाचत नाही, ऐकते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आमच्या इमारतीच्या दाराशी बाक आहे ना, तिथे बसतो आम्ही सगळ्याजणी, सूर्यफुलाच्या बिया फोडत. झोइत्सा वाचून दाखवते… माझी शेजारीण गं, वरच्या मजल्यावरची. गोष्टीतला तो पोलीस कमिसार बोलायला लागला की आवाज जाड करते. तिला वाटतं आपण रेडिओवरच आहोत.

नाही नाही, छान आहे. खरंच छान लिहितेस. आमचं जुनं बंदर, गव्हाची ती कोठारं, ग्रीक व्यापारी… आणि तो लुका, हिशेब शिकायला ठेवलेला पोरगा, सकाळी कोठारात जातो आणि दुपारी जेवायला घरी येतच नाही. आई ताट मांडून बसलेली. अंगावर काटा आला माझ्या… पण एक सांगू? रागावणार नाहीस ना?

ती लुकाची आई, स्मारांदा, तिला तू नाताळच्या तोंडावर स्क्रुंबी तळायला बसवलंस. अगं, ते मासे समुद्रातून नदीत चढतात वसंतात. हिवाळ्यात तिने आणले कुठून?… आधीच कळवलं लोकांनी? कळवणारच. खुनी सापडला नाही तरी चालेल आमच्या लोकांना, मासे चुकलेले चालत नाहीत.

…ते जाऊ दे. मासे राहू देत. मी त्यासाठी नव्हता केला फोन.

मेणबत्तीसाठी केला होता.

…हो, हो, तीच. चर्चच्या अंगणातली… तू लिहिलंस, पोरगा गेल्यावर पहिल्या रविवारी स्मारांदा मेणबत्त्यांच्या पेटीपाशी गेली, खाली वाकली, आणि खालच्या कप्प्यात मेणबत्ती लावली. बरोबर?… अगं, वरचा कप्पा जिवंतांचा. खालचा मेलेल्यांचा. लहान पोराला विचार, सांगेल.

…माहीत नव्हतं तुला? तुझ्या आजीने कधी नेलं नाही चर्चला?… फ्लॅटमध्ये वाढलीस, बरं. आम्ही पण फ्लॅटमध्येच राहतो, तो काही गुन्हा नाही… मग तिला वाकवलंस कशाला?

…वाकलेली बाई जास्त दुःखी दिसते म्हणून?

नाही, हसत नाहीये… बरं, हसले थोडी. वाईट वाटून घेऊ नकोस.

हो ना, मग लोकांनी धरलंच ते. बाकावर तर त्या दिवशी गोंधळ. झोइत्सा म्हणाली, बघा, पोर नुसतं हरवलंय म्हणते आणि मेणबत्ती मेलेल्यांत लावते, म्हणजे हिला पक्कं ठाऊक आहे तो मेलाय. आणि ठाऊक कधी असतं? स्वतः मारलं तर… तुलाही तसेच फोन आले?… सगळे आईवरच घसरले?… आणि संपादक खूश.

म्हणजे आधी तुझ्या मनात आई नव्हतीच?… मग कोण होता?… व्यापाऱ्याचा मेहुणा! मला वाटलंच होतं. सारखा हातमोजे घालायचा आणि काढायचा. मग त्यालाच राहू द्यायचं ना गं. लोक म्हणाले म्हणून खुनी बदलतात का? उद्या लोक म्हणतील कमिसारचा घोडा खुनी.

…कळतं. पेपर खपतो. कळतं मला.

ऐक ना, परवाच्या भागात कमिसारने पकडलं तिला. तो जे बोलतो तिला, बाई, आईची जीभ खोटं बोलेल पण आईचा हात खोटं बोलत नाही, असं काहीतरी… हो, तेच. बाकावर टाळ्या वाजल्या. आपण बरोबर ओळखलं म्हणून… आता तू तिला फाशी देणार का?… तुरुंग. मिठाच्या खाणीत. जन्मभर.

पोरी, नको करूस असं. बदलता येईल का?… गुरुवारचा भाग गेला छापायला? बरं, मग त्याच्या पुढच्यात बदल. अजून उरलेत ना थोडे?… मग झालं तर. सोडव तिला.

…का म्हणजे? तिने मारलेलं नाही म्हणून.

…तू लिहितेस हे मला कळतं. तरी पण तिने नाही मारलं. खालच्या कप्प्यात मेणबत्ती लावणारी बाई खुनीच असते असं कुठे आहे?

…मला कसं माहीत?

मी लावलीय. म्हणून.

…आहे. आहे मी. जरा स्टूल ओढून घेते… हं.

माझा मुलगा, सांदू. स्पेनला गेला होता कामाला, आपली सगळीच पोरं जातात तसा. अल्मेरियाला, टोमॅटोच्या मळ्यात, ते प्लास्टिकचे मांडव असतात ना, त्यात. दर रविवारी फोन करायचा. आई, काय शिजवलंस? मी सांगायचे, तो तिकडून म्हणायचा, मला पण वाढ. मग एका रविवारी नाही आला. पुढच्या पण नाही. नंबर लागेना. पोलिसांत गेले, वकिलातीत गेले, इकडचा कागद तिकडे, तिकडचा इकडे… नाही, काही नाही. कुणालाच काही ठाऊक नाही.

भांडण?… नाही गं. सगळे हेच विचारतात. जाताना भाजल्या वांग्यांच्या झाकुस्काच्या बाटल्या बांधून दिल्या होत्या मी, त्याने एकेक बाटली स्वतः सदऱ्यांत गुंडाळली. बसमध्ये चढताना रडला सुद्धा. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी कळलं असतं.

वरच्या कप्प्यात लावायचे. दर रविवारी, वर्षानुवर्षं. उंच आहे तो, मी बुटकी, टाचा उंचावून लावायचे. लोक म्हणायचे, प्रोफिराचा विश्वास बघा. पाद्रीबुवांनी एकदा प्रवचनात सुद्धा सांगितलं माझं.

…मग काय, मग तितेल आला. लॉरी चालवायचा तो, स्पेनहून भाजी आणायचा. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, मावशी, मी सांदूला पाहिलं.

हो. जिवंत.

बाजारात. बायको बरोबर, दोन पोरं, एक त्याच्या खांद्यावर बसलेलं. अंगाने सुटलाय म्हणाला चांगला. तितेलने हाक मारली, सांदू! तर त्याने वळून पाहिलं गं. वळला. भिवईवर लहानपणीची खोक आहे, तीही दिसली तितेलला. आणि म्हणाला, माणूस चुकलात तुम्ही. स्पॅनिशमध्ये म्हणाला. आणि पोराला घेऊन चालायला लागला.

…नाही. मी तितेलला शपथ घातली. कुणाला बोलायचं नाही. तो नाही बोलला, भला माणूस.

त्या रविवारी गेले. मेणबत्ती पेटवली, टाचा उंचावल्या… आणि हात खाली गेला.

…राग होता. होता ना, खोटं कशाला बोलू. पण नुसता राग नव्हता. कसं सांगू तुला… मेलेलं पोर आईला विसरत नाही. वर लावली की दर वेळी वाटायचं, तो आहे, आणि मला चुकवतोय. खाली लावली तेव्हा पहिल्यांदा तो माझा झाला परत.

…पाप कसलं. म्हणतात खरं, जिवंत माणसाची मेणबत्ती खाली लावली की त्याचं आयुष्य कमी होतं. मला त्या रात्री झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी काढून आणायला गेले तर मेण वितळून सगळं एक झालेलं. कुणाची कुठली, काय कळतंय… तेव्हापासून फोन वाजला की धस्स होतं. आत्ता तुझा वाजला तेव्हा पण झालं.

…तू कशाला माफी मागतेस?

आणि मागे उभी कोण असेल? झोइत्सा. तिने पाहिलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला ठाऊक. प्रोफिराला काहीतरी कळलंय. पोरगा मेलाय, आणि तिकडून प्रेत आणायचा खर्च नको म्हणून गप्प बसलीय. दुसरी म्हणते, हीच काहीतरी टोचून बोलली असेल, पोराने जीव दिला… माझ्या तोंडावर नाही गं म्हणत. तोंडावर विचारतात, मावशी, वांगी कशी दिली?

म्हणून म्हटलं. त्या दिवशी झोइत्सा वाचत होती, स्मारांदा खाली वाकली, आणि बाकावर बिया फोडायच्या थांबल्या. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. आणि परवा, कमिसारचं ते वाक्य, ते तिने कागदाकडे बघून वाचलंच नाही. माझ्याकडे बघून म्हटलं. पाठ केलं होतं.

…रडू नकोस. अगं, तुला काय ठाऊक? तुला नुसती दुःखी बाई हवी होती.

…काय म्हणतेस?… हं… सांग ना, ऐकतेय.

…म्हणजे तिला ठाऊक असतं की लुका जिवंत आहे?… गलबतात बसून इस्तंबूलला गेलाय… तिथे दुकान काढलंय, बायको केलीय… आणि एक खलाशी येऊन आईला सांगतो… आणि म्हणून ती खाली वाकते… आणि हे सगळं ती कोर्टात सांगते.

…हो. सुटेल. मग सुटेलच ती.

…छान आहे. नाही, खरंच. तू हुशार आहेस. लोक रडतील.

…

एक मिनिट थांब. बोलू नकोस जरा.

…रुक्सांद्रा, हे झोइत्सा वाचणार ना? बाकावर. मोठ्याने.

नको गं.

नको. राहू दे… अगं, मीच म्हणाले सोडव, मीच म्हणते नको. तिला कळायला किती वेळ लागेल? आज खुनी म्हणून बघतात माझ्याकडे, बघू देत. मान ताठ ठेवून पाव आणायला जाता येतं मला. पण उद्या म्हणायला लागतील, बिचारी, पोराने टाकली. जिन्यात थांबवून खांद्यावर हात ठेवतील. तो हात नाही सहन व्हायचा मला. पोर मारणारी आई झालं तरी आईच असते. पोराने ओळख नाकारली तर मग मी कोण?

जाऊ दे तिला खाणीत. मी सांगते तुला, ती जाईल. काही बोलणार नाही कोर्टात. त्या कमिसारच्या तोंडाकडे बघत गप्प बसेल.

…नक्की. विचार करूनच बोलतेय… हो, आवडेल मला वाचायला. नाही आवडणार, पण ऐकेन.

फक्त एक कर. ऐकशील?… तिला काय करायचं ते कर, पण पोराला मारू नकोस. लोक म्हणू देत तिने मारलं, पण प्रेत सापडू देऊ नकोस कुठे. शोधू देत त्यांना. एवढंच.

…का? काय झालं?

…गुरुवारच्या भागात?

छापायला गेलाय, त्यातच?

…कुठे सापडलं?… लव्हाळ्यात. पलीकडच्या काठाला. हं.

…नाही, आहे मी. ऐकतेय.

मला सांग, चेहरा लिहिलायस त्याचा?… तसं नाही गं, ओळखू येतो का तो, असं विचारतेय… पाण्यात खूप दिवस होता. माशांनी… बरं. बरं, पुढचं नको सांगू… आणि अंगात काय होतं?… कोठारातल्या पोरांचा सदरा. तो तर सगळ्याच पोरांच्या अंगात असायचा.

आईला दाखवलं का?… नाही अजून. नुसतं कमिसार म्हणतो.

मग तो लुका नाही.

…नाही गं, तू लिहिलंस म्हणून काय झालं. आई सांगते ना. दुसऱ्या कुणाचं तरी पोर आहे ते… असेल की, तिलाही कळवायला हवं कुणीतरी. वाईट वाटतं त्या बाईचं. पण तो आमचा नाही.

…हो. लिही तू. लिही हळूहळू… नाही, बरी आहे मी. वांगी सोलायचीत अजून, गार झाली की साल निघत नाही.

…हो. ठेवते.