टेपवरचं चौथं गाणं

हॅलो?… हो, मीच. बोल ठमे.… छे गं, दुपारची कधी झोपते मी? भांडी घासत होते.… बाबा आहेत तसेच. नाकात नळी, हातात उलटा पेपर. दोन घास खाल्ले, बाकीचं ताटात.

अगं ऐक ना, रविवारचं तिकीट काढलंस का तू?… काढलंस. बरं.… नाही नाही, ये की. मी कुठे म्हणतेय येऊ नकोस?… आवाजाला काय झालंय? सर्दी आहे.

हो, तो रेकॉर्डवाला येऊन गेला. सकाळीच.… अगं तोच, उंच, वेणी घातलेला. जुन्या फंक आणि सोल संगीताच्या रेकॉर्डी शोधत गावोगाव हिंडतो तो. बंद पडलेल्या रेडिओ स्टेशनच्या कपाटात त्याला बाबांच्या बँडची रेकॉर्ड सापडली, तेव्हापासून आपलं दार सोडत नाही.… तीनशेच छापल्या होत्या ना. त्यातल्या निम्म्या आपल्याच माळ्यावर ओल लागून गेल्या.

तो सांगत होता, तिसऱ्या गाण्याआधी बाबा एकटेच ड्रम वाजवतात ना, तेवढी पंधरा सेकंदं ऐकायला लोक जीव टाकतात. मी बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, तेव्हा कुठे होते हे लोक?… मग काय चुकलं त्यांचं? बँडमधल्या बाकीच्या चौघांना स्मशानात पोचवून आले ते. सॅक्सोफोनवाले काका तर शेवटी शेवटी पार्किंगच्या पावत्या फाडत होते. कुणी विचारलं नाही त्यांना.

टेप?… सांगते. जरा दम धर.

हो, तीच. रेकॉर्डवर न घेतलेलं चौथं गाणं आहे ती.… माहितीये गं, आईनं गायलेलं ते एकच. तिचा श्वास पुरत नाही म्हणून बँडनं बाजूला ठेवलं.… हो, हो, दुसरीकडे कुठेच नाही आवाज तिचा. माहितीये मला.

ठमे, बस आधी कुठेतरी.… बाबा ठीक आहेत म्हटलं ना. टेप गेली.

गेली म्हणजे… हरवली नाही. इथेच आहे, टेबलावर. आरपार दिसतंय तिच्यातून. आवाज असतो तो थरच निघून आला.

नाही, रेकॉर्डवाल्यानं नाही. त्याला नको बोलूस, त्यानं बजावून सांगितलं होतं. एवढी जुनी टेप दमट होऊन चिकट झालेली असते. आधी मंद उबेवर आठ तास वाळवायची, मग एकदाच लावायची आणि तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. मशीन जड म्हणून इथेच ठेवून गेला होता, वाळवायची पेटी आज गुरुवारी आणणार होता.

मंगळवारी लावली.… मी.… मी लावली, ठमे. बाबांचे हात कुठे चालतात आता? त्यांनी फक्त दाखवलं, कुठून कशी ओवायची.

अगं ऐकून तर घे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा कानही आता थोड्या दिवसांचा सोबती. उजवा तर कधीच गेला, जन्मभर त्या झांजांशेजारी बसून. दोन दिवस एकच धोशा लावला होता त्यांनी, गुरुवारपर्यंत कान नाही राहिला तर? मी नाही म्हणाले. चार वेळा नाही म्हणाले. मग ते रडायला लागले. आपले बाबा. मी कधी बघितलं नव्हतं.

हो… वाजली.

आधी बेस गिटार. एकच तुकडा, पुन्हा पुन्हा, पाय आपोआप हलतो. मग बाबा. ठोका पडेल असं वाटतं तिथे पडतच नाही, जरासा मागे रेंगाळून पडतो. मग आई.

कसा म्हणजे… जाड. मला उगाच बारीक आठवत होता. आणि श्वास खरंच पुरत नव्हता गं, ओळीच्या शेवटी शब्द गिळत होती. पण काय गात होती. बाबांनी स्पीकरला कान लावला होता आणि बोटानं खुर्चीवर ठेका धरला होता.

मग मशीन किंचाळायला लागलं. खाली तपकिरी भुकटी पडायला लागली, गंजासारखी. रेकॉर्डवाला म्हणाला, भुकटी दिसताक्षणी बंद केलं असतं तर निम्मं गाणं वाचलं असतं.… दिसत होती. मला दिसत होती, ठमे. बोट बटणावरच होतं माझं. नाही दाबलं. ती गात होती.

मोबाइल?… खिशात होता.… नाही सुचलं. नाही सुचलं गं, काय करू मी?

बाबांना माहीत नाही अजून, त्यांना वाटलं गाणंच संपलं. समोरच बसलेत, पण ऐकू काय जातंय त्यांना. म्हणतात, धाकटी आली की रविवारी परत लावू. तू आल्यावर काय सांगायचं ते तू ठरव, माझं डोकं चालत नाही.

बोल. अजून बोल.… खरंय तुझं. मला ती नऊ वर्षं मिळाली, तुला दोन महिने. आणि जे उरलं होतं, तेही मीच गिळून बसले.

ठमे?… आहेस ना?

अजून एक आहे. सांगणार नव्हते, तुला जास्तच लागेल म्हणून.… सांगते. गाता गाता ती मध्येच थांबली. बँड वाजतोच आहे मागे. आणि ती बोलली.… गाणं नाही, बोलली. तुझ्याबद्दल.… अगं, तू कुठे जन्मली होतीस? सातवा महिना होता तिला.

म्हणाली, "थांबा जरा, लाथ मारतेय ही."

एवढंच. सगळे हसले. मग नुसती खरखर.

हो… मुलगीच होणार, असं धरूनच चालली होती ती.

परत?… "थांबा जरा, लाथ मारतेय ही."

हसत. म्हणजे धाप लागलेली, पण हसत.

परत कशाला, ठमे?… बरं. बरं. "थांबा जरा, लाथ मारतेय ही."

नाही गं. तिच्यासारखं नाही येत मला.… नाही येत.

हॅलो?… ठमे?