ट्रिगर शेवटी टाकायचा

राधा : ...आधी नेमोची जोडी गेली, मग पिवळा टँग. काल सकाळी बघते तर कोळंबीचं नुसतं कवच. काका, तुम्ही टाक्यांची कामं करता, तुम्हीच सांगा. दुकानदार तर म्हणाला होता, खाऱ्या पाण्यात सगळे मासे एकत्र राहतात.

लहू : त्याला विकायचे असतात. ह्या टाकीत पहिला कोण टाकला?

राधा : हाच. ट्रिगर मासा. आनंदला त्याचे पट्टे आवडले.

लहू : मग झालं. पहिला शिरला त्याची टाकी. सहा फूट असू दे नायतर साठ, तो दुसऱ्याला उभा करणार नाय.

तुळशीदास : लहू, कुठले मासे टाकायचे तेवढं सांग. सूनबाई लिहून घेईल.

लहू : तेच सांगतोय, तुळशी.

राधा : लायनफिश चालेल? मला फार आवडतो. शिवाय विषारी काटे असतात ना त्याला?

लहू : असू देत. ट्रिगर त्याचे पर कुरतडून ठेवेल. लहान नको, गरीब नको. तळहाताएवढा टँग घे. आणि एक वाम. ती आपली दगडाच्या भोकात पडून असते, कुणाच्या वाटेला जात नाय.

राधा : ईल? बाई गं, घरात साप पाळल्यासारखं!

तुळशीदास : गावाला खायचो आम्ही वाम. तिखल्यात छान लागते.

लहू : ह्याचं नको ऐकू. ह्याला काहीपण पचतं.

राधा : आणि ट्रिगर? परत द्यायचा?

लहू : परत कशाला? आज त्याला त्या छोट्या टाकीत काढतो. इथले दगड सगळे इकडचे तिकडे करायचे. नवे मासे आधी सोडायचे, आठ दिवसांत ते आपापली जागा धरतात. ट्रिगर शेवटी टाकायचा. आला की त्याला त्याचं बीळ सापडत नाय, मग तोच नवा असल्यासारखा दबून राहतो.

राधा : बिचारा. स्वतःच्याच घरात.

लहू : हां. होतं असं.

राधा : काका, तुम्ही पण मिलमध्ये होता ना बाबांबरोबर? मग संपातही असणार! ती फ्रेम बघितलीत? मे महिन्यात मंडळाने बाबांचा सत्कार केला. शाल फ्रेम करून घेतली आम्ही. खाली लिहिलंय बघा, ‘अखेरपर्यंत लढलेला गिरणी कामगार’. भाषण करताना रडायलाच आलं.

लहू : तुळशीला?

राधा : नाही हो, आनंदला. बाबा तर एक शब्द बोलले नाहीत.

तुळशीदास : राधा, चहा टाक गं. लहूला बिनसाखरेचा.

लहू : साखर लागते मला. विसरला तो.

(राधा आत जाते. लहू जाळीने ट्रिगरला छोट्या टाकीत काढतो, मग बाह्या सरसावून मोठ्या टाकीत हात घालतो.)

तुळशीदास : काही बोलला नाहीस, बरं केलंस.

लहू : माशांचं बोललो. हा दगड धर. कागद आणलाय मी.

तुळशीदास : आज नको रे. चष्मा सापडत नाही सकाळपासून.

लहू : मागच्या दोन्ही खेपांना तुझा चष्माच नव्हता. आणि ती खिशातून दांडी कसली दिसतेय?

तुळशीदास : ...काय लिहायचं आहे त्यात?

लहू : लिहायचं काय नाय, पोरीने लिहून दिलंय. खाली सही कर. माझं मिलचं कार्ड चाळ पाडली तेव्हा गेलं. मिलचं हजेरीबुक उरलंय ते त्र्याऐंशीचं, त्यात माझ्या चार साच्यांवर, मी चालवायचो त्या मागांवर, तुझं नाव. कामगारांच्या घरांसाठी अर्ज केला तर ऑफिसातला बोलतो, त्या माणसाकडून लिहून आणा. साचे त्याला कधी मिळाले, त्याच्याआधी कोण चालवायचा. हा दगड धर, मोठा आहे.

तुळशीदास : कधी मिळाले ते कशाला पाहिजे?

लहू : संप सुरू झाला तेव्हा साच्यांवर मी होतो, ते त्यातनंच कळतं ना. सरळ लिहिलंय. ब्याऐंशीच्या दिवाळीआधी, संप चालू असताना, तुळशीदास मागच्या गेटने आत गेला, तेव्हा त्याला दिले.

तुळशीदास : मेल्या, हळू बोल!

लहू : मी पुढच्या गेटवर बसलेलो. तू दुपारी माझ्याच खोलीत जेवलास, रखमाने वाढलं, आणि हात धुवून तिकडून आत गेलास.

तुळशीदास : माझी पोरं उपाशी होती, लहू.

लहू : आणि माझी काय जेवत होती?

तुळशीदास : अठ्ठावीस वर्षं झाली रे. किती दिवस धरून बसणार?

लहू : सोडलं असतं. खरंच सोडलं असतं, तुळशी. गेलास तर गेलास, पोटासाठी गेलास. पण तू ती शाल घेतलीस. ती माझी होती.

तुळशीदास : मंडळवाल्यांनी नाव घातलं. मी फक्त नाही म्हणालो नाही. आता पोरगा चारचौघांत सांगत फिरतो. त्याला काय तोंड दाखवू? हे बघ, आपण एका गावचे, लहानपणापासून ओळखतो, असं लिहून देतो. चालेल?

लहू : त्यावर घर नाय मिळत. शीवला मेहुण्याच्या पोटमाळ्यावर राहतोय आम्ही. रखमाचे गुडघे गेले. शिडी उतरता येत नाय म्हणून दोन महिने ती खाली आली नाय. दोन महिने!

तुळशीदास : आनंदला सांगून दुसरं काही करू आपण...

लहू : दुसरं नको. माझं होतं तेवढं लिहिलंय. सही कर.

तुळशीदास : नाही जमणार रे. माग दुसरं काहीपण.

राधा : चहा आला. काका, हात पुसा आधी. अय्या, केवढं वेगळं दिसतंय आतून! आणि बाबा, तुम्ही ओले दगड घेऊन काय उभे राहिलात?

लहू : दे तो इकडे, तुळशी. हा शेवटचा. झालं बघ, राधा. ट्रिगर छोट्या टाकीत आहे, पंप चालू ठेव. निघतो.

राधा : चहा तरी घ्या! आणि हा कागद राहिला की तुमचा, टाकीच्या झाकणावर.

तुळशीदास : आण इकडे. मी देतो त्याला.

लहू : राहिला नाय, ठेवलाय. शुक्रवारपर्यंत त्यावर तुझ्या सासऱ्याची सही पाहिजे. तू वाचून दाखव त्याला, पोरी. सकाळपासून त्याचा चष्मा सापडत नाय.