डाव्या मुठीची पैज

पेट्रोलच्या रांगेत पाववाला गारठून गेला होता. पुढच्या मोटारसायकलच्या मुठी विजेवर तापणाऱ्या होत्या आणि त्यावरून बापलेकीचं जुंपलं होतं.

"डावी आज तापली नाही, तर थंडी संपेपर्यंत गाडी घरात. बसनं जायचं."

"कबूल, बाबा."

"मेकॅनिकनं दोनदा बदलली. उजवी तापते, डावी आपली ढिम्म!"

"उजवीखाली प्लास्टिकची नळी असते. डावी थेट लोखंडी दांड्यावर. सगळी ऊब दांडाच पितो."

"मग?"

"मध्ये जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. हातमोजा काढा, धरून बघा."

"हं... अगं, मस्त तापलीय!"

"म्हणजे गाडी माझी?"

"तुझीच, बाई, तुझीच!"

"मग मूठ सोडा की. रांग सरकली."

"सरकू दे!"

"काका," मागून पाववाला म्हणाला, "तुमच्यानंतर मूठ धरायला माझा नंबर."